मुलगा बिश्केकला, दीर कुवेतला. तिकडे काही झालं तर सरकारची मदत नक्की कशी मिळते?

सुषमा_मिरज:
नमस्कार, बरेच दिवस नुसती वाचत असते, आज विचारायचंच होतं म्हणून लिहितेय. माझा मुलगा किर्गिझस्तानात बिश्केकला एमबीबीएस करतोय, आता तिसऱ्या वर्षाला गेला, आणि धाकटे दीर कुवेतला एसी टेक्निशियन आहेत, आठ वर्षं झाली. मे २०२४ मध्ये बिश्केकला परदेशी मुलांवर जमाव चालून गेला होता ते आठवत असेल तुम्हाला, हॉस्टेलात शिरले होते. माझा मुलगा तेव्हा पहिल्या वर्षाला. रात्री अडीचला फोन, आई आम्ही लाईट घालवून बसलोय, दाराला कपाट लावलंय. मी इथे मिरजेत बसून काय करणार? ज्या एजंटने अ‍ॅडमिशन केली त्याने दोन दिवस फोन उचलला नाही आणि मग म्हणाला, काही झालं नाही हो, बातम्यांवाले वाढवून सांगतात.

त्याला काही झालं नाही, देवाची कृपा. पण जून २०२५ मध्ये युद्धामुळे इराणमधून मुलांना आणताना टीव्हीवर बघितलं आणि पुन्हा तेच पोटात आलं. मला असं विचारायचंय की अशा वेळी आपलं सरकार नक्की काय करतं, कोणाला फोन करायचा, आधी नाव नोंदवावं लागतं का, विमानाचे पैसे कोण भरतं, आणि दीरांचा पासपोर्ट कंपनीकडे जमा असतो त्याचं काय करायचं? यांचं म्हणणं, असं काही होईल तेव्हा बघू. मला तेव्हा बघायचं नाहीये, आत्ता बघून ठेवायचंय. कोणाला स्वतःचा अनुभव असेल तर प्लीज सविस्तर लिहा.

वोकझाल_ते_सिन्नर:
ताई, मी युक्रेनमध्ये खारकिव्हला मेडिकलला होते, चौथ्या वर्षाला, तेव्हा युद्ध सुरू झालं. गाव सिन्नरजवळ. तुमचा कपाटाचा प्रसंग वाचला आणि आमचं तळघर आठवलं, त्यामुळे जरा लांबच लिहीन.

आधी एक सांगते, मदत खरी असते. युक्रेनमधून आपल्या लोकांना आणलं त्या ऑपरेशन गंगात ९० विमानं झाली, त्यातली १४ हवाई दलाची, साधारण साडेबावीस हजार लोक परत आले आणि तिकिटाचा एक रुपया कोणाकडून घेतला नाही. पण विमान हॉस्टेलच्या दारात येत नाही हो. २४ फेब्रुवारी २०२२ ला पहाटे युक्रेनचं आकाशच बंद झालं, आम्हाला न्यायला दिल्लीहून निघालेलं एअर इंडियाचं विमान त्या सकाळी वाटेतूनच परत फिरलं. नंतर जी विमानं आली ती शेजारच्या देशांत, बुखारेस्टला, बुडापेस्टला, पोलंडमध्ये, स्लोव्हाकियात. पहिलं विमान २६ तारखेला बुखारेस्टहून मुंबईला उतरलं, २१९ जण होते, आम्ही तळघरात मोबाईलवर बघत होतो आणि आनंद पण होत होता आणि रडू पण येत होतं कारण खारकिव्ह देशाच्या पार पूर्वेला, रशियाच्या सीमेला लागून, आणि विमानं सगळी पश्चिमेला. मधे अख्खा युक्रेन.

आता खरी गोष्ट. आम्हाला सांगितलं नव्हतं असं नाही. १५ फेब्रुवारीलाच एम्बसीची सूचना आली होती की ज्यांचं राहणं गरजेचं नाही त्यांनी, खास करून विद्यार्थ्यांनी, तात्पुरतं निघायचा विचार करा. २० ला परत आली. २२ ला तर स्पष्टच लिहिलं होतं की विद्यापीठ ऑनलाइन क्लासचं काय ते कळवेल म्हणून थांबू नका, निघा. पण विद्यापीठ म्हणत होतं हजेरी कापू, तिकीट साठ हजारांच्या घरात गेलेलं, आणि पप्पांनी कांदा विकून फी भरलेली, त्यांच्याकडे आणखी साठ हजार मागायला माझी जीभ रेटेना. म्हणून मी थांबले. वर्गातल्या दोघी २२ च्या विमानाने गेल्या, त्या घरी जेवत होत्या तेव्हा आम्ही सहाजणी एका पाकीट ब्रेडवर दिवस काढत होतो. १ मार्चला आमच्याच शहरात आपला एक मुलगा गेला, कर्नाटकचा, खायला आणायला बाहेर पडला होता. त्यानंतर तळघरात कोणी बोलेचना.

२ मार्चला दुपारी सूचना आली की खारकिव्ह आत्ताच्या आत्ता सोडा, संध्याकाळी ६ च्या आत पिसोचिन, बाबाई किंवा बेझल्युदिव्का या तीनपैकी एका ठिकाणी पोचा, गाडी मिळाली नाही तर पायी जा. आम्ही वोकझालवर म्हणजे रेल्वे स्टेशनवर होतो, गाडीत आधी युक्रेनच्या बायका आणि लहान मुलं चढत होती, ते बरोबरच होतं, आमचा नंबर लागेना. मग निघालो चालत. पिसोचिन ११ किलोमीटर, बर्फ, मागे धडाम धडाम आवाज. माझ्या बॅगेचं चाक निखळलं तर ती बॅग तिथेच रस्त्यावर सोडली. पिसोचिनला हजारेक मुलं गोळा झाली होती, तिथून दोन दिवसांनी बसेस लागल्या, काचेला तिरंगा चिकटवलेला, मग पश्चिमेकडे, मग पोलंड. पोलंडने आपल्या मुलांना व्हिसाशिवाय आत घेतलं. दिल्लीला उतरल्यावर महाराष्ट्र सदनाची माणसं बोर्ड घेऊन उभी होती, मराठीत 'कुठलं गाव गं' असं विचारलं तेव्हा मी पहिल्यांदा मोठ्याने रडले.

हे सगळं एवढ्यासाठी सांगितलं की सूचना नीट वाचायला शिकवा मुलाला, नुसती फॉरवर्ड करायला नको. 'सावध राहा' वेगळं, 'घरात थांबा' वेगळं, 'निघायचा विचार करा' वेगळं आणि 'निघा' वेगळं. युक्रेनमधल्याच सुमी शहरातल्या मुलांचं बघा, ती इतकी वैतागली होती की आम्ही सीमेकडे चालत निघतो असा व्हिडिओ टाकला होता, तेव्हा त्यांना जागेवर थांबायला सांगितलं आणि ८ मार्चला बसने पोल्टाव्हाला नेलं, ६९४ मुलं. म्हणजे एकाच आठवड्यात आम्हाला चाला सांगितलं आणि त्यांना थांबा सांगितलं, आणि दोन्ही बरोबर होतं कारण रस्त्यावर काय चाललंय ते एम्बसीला दिसत होतं, आपल्याला खिडकीतून दिसत नाही. तुमच्या मुलाला बिश्केकला त्या रात्री 'आत राहा' हीच सूचना होती ना? ती पाळली त्याने, हुशार आहे.

आणि कागद. मी बॅग सोडली पण फाईल अंगाला बांधली होती, पासपोर्ट, दहावी-बारावी, तिकडची मार्कांची कागदपत्रं. पुढे दुसऱ्या देशातल्या विद्यापीठात शिक्षण पूर्ण करायला मेडिकल कमिशनने सप्टेंबर २०२२ मध्ये हरकत नाही म्हणून सांगितलं, तेव्हा ज्यांच्याकडे कागद होते त्यांचं लवकर झालं. माझी एक मैत्रीण वर्षभर ट्रान्स्क्रिप्टसाठी मेल करत होती. मुलाला सांगा दर सेमिस्टरला मार्कांचा कागद मागून घे, स्कॅन करून तुम्हाला पाठव.

सदानंद_ठाणे:
वरची पोस्ट वाचून अंगावर काटा आला. पण सुषमाताई, एक गोष्ट कटू वाटली तरी सांगतो कारण कोणी सांगत नाही. प्रत्येक वेळी फुकट विमान येईल असं धरून चालू नका. गंगा फुकट होतं, इस्रायलमधून ऑक्टोबर २०२३ ला ऑपरेशन अजयमध्ये आणलं ते पण फुकट. पण २०२० च्या लॉकडाऊनमध्ये वंदे भारत मिशनला लोकांनी स्वतः तिकीट काढलं होतं, माझ्या मेव्हण्याने शिकागोहून यायला जवळपास लाखभर मोजले. अमेरिका तर आपल्या नागरिकांना बाहेर काढताना साधारणपणे नंतर पैसे परत करीन अशी प्रॉमिसरी नोट लिहून घेते. आपल्याकडे त्या मानाने सरकार मोकळ्या हाताने करतं हे मान्य करायला पाहिजे, पण तो प्रत्येक वेळचा निर्णय असतो. म्हणून एका माणसाचं आयत्या वेळचं तिकीट निघेल एवढे पैसे बाजूला, एफडी नको, सेव्हिंगलाच ठेवा. सिन्नरच्या मुलीला ते साठ हजार मागायची लाज वाटली, तुमच्या मुलाला वाटू नये. त्याला आजच सांगून ठेवा की हे पैसे तुझ्या नावाचे आहेत.

ट्रॅव्हल इन्शुरन्स काढला असेल तर पॉलिसी वाचा, युद्ध आणि दंगल बहुतेक पॉलिसीत वगळलेलं असतं. माझ्या ऑफिसातले दोघे तिघे त्याच भरवशावर होते.

दापोलीकर_१९९०:
सुषमाताई, तुमच्या दीरांबद्दल मी लिहितो, कारण कुवेत माझं आहे. २ ऑगस्ट १९९०, गुरुवार, आमचा सुट्टीचा दिवस. सकाळी उठलो तर रस्त्यावर इराकचे रणगाडे. मी २४ वर्षांचा, मेकॅनिक, एका खोलीत सात जण, चार आमच्या दापोली-मंडणगडकडचे, दोन गोव्याचे, एक मलबारी. आमचा कफील म्हणजे मालक रातोरात सौदीत पळाला आणि आमचे पासपोर्ट त्याच्या तिजोरीत. पगार नाही, खिशातल्या कुवेती दिनारची किंमत कागदाएवढी झाली, फोन बंद. दापोलीला माझ्या आईला दीड महिना कळलं नाही मी जिवंत आहे का, तिने रोज देवीला नारळ ठेवला.

तेव्हा मोबाईल नाही, व्हॉट्सअ‍ॅप नाही. जे झालं ते माणसांनी केलं. तिथल्या आपल्या लोकांनी शाळांमधून याद्या केल्या, कोण कुठे राहतो, कोणाकडे लहान मूल, कोण आजारी. दूतावासातून तात्पुरता प्रवासाचा कागद मिळाला. मग बसने बसरा, बगदाद आणि तिथून जॉर्डनचं अम्मान, मधे वाळवंटात तंबूत नऊ दिवस, पाणी रांगेत. अम्मानहून एअर इंडिया. त्या वेळी ५९ दिवसांत ४८८ फेऱ्या झाल्या आणि १ लाख ११ हजारांवर माणसं आणली, मी त्यातला एक. मुंबईला उतरलो तेव्हा पायात स्लिपर होती आणि खिशात साडेतीन दिनार, आणि गावापर्यंत जायला एका अनोळखी माणसाने एसटीचे पैसे दिले.

आता कामाचं सांगतो. माझ्याकडे पासपोर्ट नव्हता पण बताका होता, तिकडे सिव्हिल आयडीला बताका म्हणतात, तुमच्या दीरांना माहीत असेलच. तो मी मोज्यात लपवून आणला. पुढे काही वर्षांनी संयुक्त राष्ट्रांच्या भरपाई आयोगाकडून कुवेत सोडावं लागलेल्यांना पैसे मिळाले, अर्ज आपल्या सरकारमार्फतच करायचा होता, आणि तिथे होतो हे दाखवायला माझ्याकडे तो बताका निघाला. त्या पैशात मी गावातल्या घरावर कौलं घातली. आमच्या खोलीतल्या दोघांनी सगळे कागद तिकडेच टाकले होते, त्यांना फार फिरावं लागलं. म्हणून दीरांना म्हणावं, पासपोर्टची, व्हिसाची, बताक्याची, नोकरीच्या कराराची झेरॉक्स आणि फोटो घरी असलेच पाहिजेत, आणि कंपनीचा अरबीतला पत्ता पण.

अनघा_मस्कत:
मी मस्कतला राहते, इथे मराठी मंडळात आहे आणि अडकलेल्या लोकांना एम्बसीपर्यंत नेऊन पोचवायचं काम आम्ही चारपाच जण हौसेने करतो. सुषमाताई, तुमच्या पासपोर्टच्या प्रश्नाचं उत्तर असं की पासपोर्ट मालकाकडे अडकला किंवा हरवला तर एम्बसी इमर्जन्सी सर्टिफिकेट देते, फक्त भारतात परत येण्यापुरता एकदाच चालणारा कागद. पण तो देताना हा माणूस भारतीयच आहे ना, हे तपासावं लागतं, आणि पासपोर्टचा फोटो किंवा नुसता नंबर जरी हातात असला तरी ते काम खूप सोपं होतं. गेल्या वर्षी कोल्हापूरकडच्या एक बाई घरकामाला आलेल्या, मालकिणीने पासपोर्ट दिला नाही, नंबर पाठ नाही, घरी कोणाकडे कॉपी नाही, आणि गावच्या पत्त्यावर चौकशी होऊन यायला किती दिवस गेले ते मला अजून आठवतं, त्या आमच्या हॉलमध्ये झोपायच्या.

पैशांचं म्हणाल तर इंडियन कम्युनिटी वेल्फेअर फंड म्हणून एक निधी आहे, २००९ पासून. एम्बसीत आपण जी कामं करतो त्यांच्या फीबरोबर थोडी रक्कम त्यात जाते. त्यातून राहणं-जेवण, परतीचं तिकीट, तातडीचं हॉस्पिटल, वकील, आणि कोणी गेलं तर मृतदेह घरी पाठवणं यासाठी मदत होते. पण माणसाची खरंच ऐपत नाही हे बघून देतात, मागितलं की मिळालं असं नाही. आणि हा फंड युद्धासाठीच असतो असं पण नाही, एकट्या माणसाची अडचण असली तरी चालतो, हे कित्येकांना ठाऊकच नसतं.

एक फार महत्त्वाचं. दीर दहावी पास आहेत का? कारण दहावी न झालेल्यांच्या पासपोर्टवर एमिग्रेशन चेकची, म्हणजे कामाला बाहेर जायच्या परवानगीची, अट असते, त्यांची आखातात जाताना सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर नोंद होते आणि प्रवासी भारतीय विमा सक्तीचा असतो, १० लाखांचा, अपघाती मृत्यू किंवा कायमचं अपंगत्व आलं तर, हप्ता दोन वर्षांचा २७५ आणि तीन वर्षांचा ३७५ रुपये वर टॅक्स. पण आपली बहुतेक मुलं दहावी पास असतात, त्यांच्यासाठी ती अट नाही, म्हणजे ती सहज विमानात बसतात आणि त्यांची नोंद पण कुठे राहत नाही. व्हिजिट व्हिसावर येऊन कामाला लागलेल्यांची तर नाहीच नाही. दहावी झाली म्हणजे आपण सुटलो असं वाटतं आणि नेमका तोच माणूस यादीत नसतो. म्हणून दीरांना कुवेतच्या भारतीय दूतावासाच्या वेबसाइटवर स्वतःहून नाव, मोबाईल, राहण्याचा पत्ता नोंदवायला लावा आणि पत्ता बदलला की परत बदलायला. मुलासाठी परराष्ट्र मंत्रालयाचं मदद पोर्टल, तिथे परदेशात शिकणाऱ्या मुलांची नोंदणी होते आणि तक्रार पण तिथेच टाकता येते, तिला नंबर मिळतो, मग पाठपुरावा करता येतो.

तुम्ही मिरजेत बसून काय करणार असं लिहिलंय ना, तर बरंच करू शकता. जिल्ह्याच्या कलेक्टर ऑफिसात आपत्ती व्यवस्थापन कक्ष असतो, १०७७ नंबर, कोणत्याही घटनेत मुलाचं नाव, पासपोर्ट नंबर, तिकडचा पत्ता तिथे लेखी द्या. युक्रेनच्या वेळी जिल्ह्याजिल्ह्यातून अशाच याद्या गोळा केल्या होत्या. आणि मुलाला सतत फोन करू नका. हे आईला सांगणं कठीण आहे, पण त्याच्या फोनची बॅटरी हीच त्याची दोरी असते. दिवसातून दोन वेळा ठरवा आणि तो मेसेज करेल, तुम्ही उत्तर द्या.

सुषमा_मिरज:
तुम्हा सगळ्यांचे आभार कसे मानू कळत नाही. दापोलीकर काका, तुमच्या आईच्या नारळाचं वाचून मी स्वयंपाकघरात जाऊन रडून आले. सिन्नरच्या मुली, तू सुखरूप आहेस हेच मोठं.

काय काय केलं ते सांगते. रविवारी मुलाला व्हिडिओ कॉलवर बसवून मददवर नोंदणी करून घेतली, तो कुरकुरत होता पण यांनीच रागावून सांगितलं त्याला, मला आश्चर्य वाटलं. पासपोर्टचा फोटो मागवला तर कळलं की मुदत पुढच्या मेमध्ये संपतेय आणि त्याच्या लक्षातच नव्हतं! आता तो एम्बसीत रिन्यूला देणार आहे. सदानंददादा, पैशांचं यांच्याशी बोलले, एवढ्यात लाखभर नाही जमणार पण चाळीस हजार वेगळे काढले, बाकी भिशी उचलली की. दीर दहावी पास आहेत, अनघाताई, तुमचं अगदी खरं निघालं, आठ वर्षांत त्यांनी एम्बसीत कुठेच नाव दिलेलं नाही, खोली पण दोनदा बदलली.

एकच राहिलं. समजा सूचना आली की निघायचा विचार करा, आणि नेमकी परीक्षा आठ दिवसांवर असेल. तेव्हा मी त्याला काय सांगू? वर्ष गेलं तर चार लाख जातात आमचे. हे मला खरंच ठरवता येत नाही.

वोकझाल_ते_सिन्नर:
ताई, मी पप्पांना नंतर विचारलं होतं की मी १५ तारखेला पैसे मागितले असते तर काय केलं असतं. ते म्हणाले बैल विकले असते आणि तुला दोन शिव्या दिल्या असत्या. म्हणजे ते तयार होते, फक्त आमचं आधी बोलणं झालेलं नव्हतं, मी इकडे त्यांचा विचार करत बसले आणि ते तिकडे माझ्या परीक्षेचा. तुम्ही परीक्षेचं त्याच्यावर टाकू नका, विशीतल्या पोराला ते ठरवता येत नाही, वर्गातली सगळी थांबली की तो पण थांबतो, मी तशीच थांबले. 'निघा' असा शब्द आला की निघायचं, परीक्षा असो नसो, हे तुम्ही दोघांनी त्याला आत्ताच सांगून टाका. 'विचार करा' आलं तर त्याच दिवशी तिकिटांचे भाव बघायचे आणि रात्री तिघांनी फोनवर बसून ठरवायचं, दुसऱ्या दिवसावर ढकलायचं नाही. त्या चार लाखांचं मला पण कळतं हो. माझं दीड वर्ष गेलं. पण गेल्या जूनमध्ये डिग्री हातात आली, आता लायसन्सच्या परीक्षेचा अभ्यास करतेय, पप्पा पहाटे उठून चहा देतात.

दापोलीकर_१९९०:
आणि दीरांच्या बताक्याचा फोटो पुढून मागून दोन्ही बाजूंनी घ्या. फोनमध्ये ठेवाच, पण एक प्रिंट काढून घरात रेशनकार्डाबरोबर ठेवा.